अपडेटमध्ये गेलेलं बोलणं

सोमवारी सकाळी ऑफिसात आलो, डबा ड्रॉवरमध्ये टाकला, आणि रोजच्या सवयीनं टर्मिनलवर 'टॉक' लिहून पुढे माझ्या दोस्ताचं लॉगिन टाकलं. एंटर मारला. खाली इंग्रजीत एक ओळ आली, की अशी कमांड सापडत नाही. म्हटलं बोट चुकलं असेल. पुन्हा लिहिलं. पुन्हा तीच ओळ. मग लक्षात आलं, की शनिवार-रविवारी आमच्या सर्व्हरवर मोठं अपडेट झालं होतं आणि त्यात कुणीतरी ही कमांड काढून टाकली होती. कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही.

ज्यांना हे काळे पडदे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. टर्मिनल म्हणजे चित्रं नाहीत, माऊस नाही, नुसती अक्षरं. आपण हुकूम लिहायचा, मशीननं पाळायचा. युनिक्स नावाच्या जुन्या सिस्टिमचा हा कारभार मी ऐन विशीत शिकलो आणि आता माझे केस पांढरे झाले, तरी तेच हुकूम तसेच चालायचे. याचंच मला कौतुक होतं. नागपुरात आमच्या बर्डीतली दुकानं बदलली, चौक बदलले, डोक्यावरून मेट्रो धावायला लागली, पण हा काळा पडदा शहाण्यासारखा जागच्या जागी होता.

आता तिथेही हात घालायला लागलेत. आधीच्या एका अपडेटमध्ये वर सरकून गेलेल्या ओळी मागे आणून वाचायची सोय गेली. शिफ्ट दाबून पेज-अप केलं की जुनं दिसायचं, ते बंद. कारण काय, तर ते सांभाळायला माणूस नाही. दुसऱ्या अपडेटमध्ये कोण कधी आलं, कधी गेलं, हे दाखवणारी कमांड गेली. प्रत्येक वेळी मी चार शिव्या दिल्या, दुसरा रस्ता शोधला आणि कामाला लागलो. माणूस सवयीनं सगळं गिळतो.

पण टॉक गेलं म्हणजे माझ्या दोस्ताचं बोलणं गेलं. त्याला जीभ नाही.

आम्ही दोघं या ट्रान्सपोर्ट कंपनीत बरोबरच लागलो. मी कॉम्प्युटरवर, तो बुकिंगच्या खिडकीत. बोलण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या ऑफिसात कुणी नव्हता. ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडायचा, हमालांशी वऱ्हाडीत, मालकांशी पुस्तकी मराठीत, आणि तिन्ही भांडणं एकाच वेळी चालू असायची. फोन कान आणि खांद्याच्या मधे, हातात पेन आणि गालात खर्रा. खर्रा आमच्याकडे सगळेच खातात. सुपारी-तंबाखू-चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून घ्यायचं आणि दिवसभर चघळत बसायचं. तोंडात एक फोड आला तेव्हा तो म्हणाला, उष्णतेचा असेल. फोड गेला नाही तेव्हाही तो उष्णतेचाच होता. तोंड उघडेनासं झालं तेव्हा दवाखान्यात गेला. त्यांनी जवळजवळ सगळी जीभ काढली आणि खालच्या जबड्याचा एक तुकडा.

त्यानंतर त्याच्या तोंडून जे निघतं ते समजायला कान तयार व्हावे लागतात. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, बहुतेक सगळं समजतं. मला निम्मं. बाकी लोक मान डोलावतात आणि दुसरीकडे बघतात. मालकांनी त्याला काढलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. त्यांनी त्याला कामठी रोडच्या गोडाऊनमध्ये टर्मिनलवर बसवलं. कोणता माल कोणत्या गाडीत चढला याच्या नोंदी करायच्या, बोलायचं काम नाही. मालक समजले, की आपण त्याच्यावर उपकार केले. खरंही होतं म्हणा. पण ज्या माणसाचा श्वास बोलण्यावर चालायचा त्याला बोलायचं काम नसलेल्या खुर्चीत बसवणं म्हणजे काय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि सुरुवातीला माझ्याही आलं नाही.

तो तोंडाला दुपट्टा बांधून यायचा. उन्हाळ्यात नागपुरात सगळेच बांधतात, त्यामुळे खपून जायचं. पावसाळ्यात आणि थंडीतही त्याचा दुपट्टा सुटला नाही. यायचा, मान खाली घालून नोंदी करायचा, जायचा. मी गोडाऊनला गेलो की हात दाखवायचा, बस्स. माझ्याशीसुद्धा बोलायचा नाही, कारण मी दोनदा 'काय?' विचारलं की त्याचा चेहरा उतरायचा.

मग एके दिवशी मला टॉक आठवलं. संध्याकाळच्या क्लासला आम्ही युनिक्स शिकायचो तेव्हा पोरं याच कमांडवर एकमेकांची टिंगल करायची. दोन टर्मिनलवरची दोन माणसं एकमेकांशी बोलू शकतात, एवढाच तिचा उद्योग. पडदा मधोमध कापला जातो, वर माझं लिहिणं, खाली त्याचं. मेसेज पाठवणं वगैरे काही नाही. बोट कळीवर पडलं की अक्षर त्याच क्षणी समोरच्याला दिसतं. तेव्हा सर्व्हर माझ्या ताब्यात होता. मी ती सोय सुरू केली, गोडाऊनच्या माणसाला फोन करून सांगितलं की त्याला म्हणावं पडद्यावर ओळ येईल, तिला असं उत्तर दे.

थोडा वेळ खालचा अर्धा भाग रिकामाच होता. मग रोमन अक्षरांत, एकेक अक्षर करत, एक अस्सल नागपुरी शिवी उमटली. इथे लिहिण्यासारखी नाही. मी ऑफिसात एकटाच खो-खो हसत सुटलो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तेव्हापासून त्याला तोंड फुटलं. किती वर्षांनी तो मला परत भेटत होता! मी वर एक वाक्य लिहायला घेतलं की ते संपायच्या आत तो खाली भांडायला सुरुवात करायचा, अगदी पूर्वीसारखा, दुसऱ्याचं ऐकून न घेता. मी पण थांबायचो नाही. वर माझं, खाली त्याचं, दोघं एकदम. हसायचं असलं की एकच कळ दाबून धरायचा आणि ओळभर तेच अक्षर पळायचं. चिडला की बोटं अशी आपटायचा की निम्मे शब्द चुकायचे. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे लिहून खोडलं तरी खोडताना दिसायचं. एकदा मी सहज विचारलं, कसा आहेस. खाली 'लय दुखून रा' इथपर्यंत आलं, मग एकेक अक्षर मागे गेलं, आणि त्या जागी 'मजेत' असं लिहिलं गेलं. मी वर लिहिलं, दिसलं बे मले. तो म्हणाला, चूप बस. संध्याकाळी वहिनींना फोन करून सांगितलं, त्याला डॉक्टरकडे न्या.

कामही चांगलं व्हायचं, हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. गाडी उभी कुठे आहे, माल ओला झाला का, ड्रायव्हर कुठे झोपलाय, सगळं तिथल्या तिथे कळायचं. पण मी कामाचं नाव पुढे करून खोटं कशाला बोलू? आम्ही गप्पा मारायचो. तो घरी जाऊन वहिनींना आमची भांडणं सांगायचा, आपल्या त्या घोगऱ्या आवाजात, हातवारे करून. घरातही त्याचा आवाज परत आला होता.

मग मालकांच्या मुलानं सर्व्हरचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं. माझ्याकडचा मुख्य पासवर्ड गेला आणि मला 'साइट को-ऑर्डिनेटर' असं एक नाव मिळालं. म्हणजे काय, तर प्रिंटरला कागद घालायचा आणि वरून फोन आला की हो म्हणायचं. ज्या मशीनला मी पोरासारखं वाढवलं त्याच्या दारात मला चप्पल काढून उभं राहावं लागलं. तेही मी गिळलं. आणि मग तो सोमवार आला.

मी गोडाऊनला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, ते मघापासून की-बोर्ड आपटत आहेत, काही समजून नाही राहिलं. दुपारी माझ्या मोबाइलवर त्याचा मेसेज आला : 'तू बोलून काहून नाही राहिला?'

त्याला वाटलं, मीच उत्तर देत नाहीये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी त्या कंपनीकडे तक्रार नोंदवली. त्यांच्याकडे तक्रारीला तिकीट म्हणतात. तिकिटाचं उत्तर मोठं गोड होतं. ही सोय जुनी झाली आहे, असुरक्षित आहे, व्यवसायाला आवश्यक नाही, कृपया मोबाइलवरचं अधिकृत चॅट वापरावं. असुरक्षित! म्हणजे मधल्या मधे कुणी चोरून वाचू शकतं म्हणे. अरे बाबा, चोराला काय मिळणार होतं? दोन म्हाताऱ्यांच्या शिव्या, आणि चिखलात अडकलेल्या एका ट्रकची बातमी. मी तसं लिहूनही पाठवलं. त्यांनी आभार मानून तिकीट बंद केलं.

मग मी हट्टाला पेटलो. टॉकचा जुना प्रोग्राम इंटरनेटवरून शोधून काढला, घरच्या मशीनवर तयार केला, ऑफिसात आणून माझ्या खात्यात टाकला. चालू झाला, पण पलीकडे पोचेना. मधली दारंच त्यांनी बंद केलेली. दोघांनी एकच पडदा वाटून घ्यायची दुसरी एक युक्ती असते, तीही करून पाहिली. तीही चालेना, सर्व्हरवर प्रत्येकाला आपापल्या खोलीत कोंडून ठेवलंय, शेजारच्या खोलीत डोकावायला परवानगी नाही. दोन दिवसांत मालकांना मेल गेला, की नागपूरच्या ऑफिसात अनधिकृत सॉफ्टवेअर सापडलं. मालकांनी मला बोलावून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाले, "कशाला त्यांच्या नादी लागता? मोबाइल आहे ना सगळ्यांकडे."

मोबाइल आहे ना. हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलं की शेवटी मला त्याची चीड यायला लागली. हो, आहे मोबाइल. मोबाइलवर त्याचा जाड अंगठा दोन-दोन अक्षरं एकदम दाबतो. तो लिहितो, वाचतो, सुधारतो, पाठवतो. मी कामात असलो तर तासाभरानं बघतो. उत्तर देतो तेव्हा तो गाडीवर गेलेला असतो. यात भांडण कसं होणार? भांडण सोडा, समोरच्याला मधेच तोडणार कसं? मेसेज म्हणजे बिल्टीची पावती फाडून पाठवलेला माल, बांधून, शिक्का मारून, उशिरा पोचणारा. पत्र लिहिण्यासारखंच ते, नुसतं थोडं लवकर येतं. त्याला पत्रं लिहायची नव्हती, त्याला बोलायचं होतं.

हळूहळू त्याचे मेसेज आखूड होत गेले. सुरुवातीला चार ओळी, मग 'गाडी निघाली', मग 'हो', मग नुसता अंगठा. मी मोठमोठे मेसेज लिहायचो, मुद्दाम चिडवायचो, जुन्या शिव्या काढायचो. तिकडून अंगठा यायचा. त्या पिवळ्या अंगठ्याइतका राग मला आयुष्यात कशाचा आला नसेल.

मग वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, भाऊजी, हे घरी पण बोलून नाही राहिले. संध्याकाळी येतात, जेवतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. आधी तुमचे किस्से सांगायचे, आता सांगायला काही नाही म्हणतात. आणि कालपासून नोकरी सोडतो म्हणून राहिले. वहिनींचा आवाज रडवेला झाला होता. नोकरी सोडून घरी बसले तर पूर्ण मुके होतील, म्हणाल्या, तुम्ही काहीतरी करा.

मी मेट्रोनं ऑटोमोटिव चौकापर्यंत गेलो, तिथून ऑटोनं गोडाऊनला. तो माझ्याकडे बघून हसला, पण डोळ्यांत काही नव्हतं. बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. मी म्हटलं, दर महिन्याला त्या कंपनीबरोबर व्हिडिओवर मीटिंग होते, मी तिथे विषय काढतो, सगळ्यांसमोर सांगतो, मग बघू कशी नाही म्हणतात. त्यानं मान हलवली. काहीतरी बोलला. मला समजलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, छातीवर हात ठेवून.

"मी बोलतो."

मी म्हटलं ठीक आहे, पण आधी मी त्यांना तुझ्या ऑपरेशनचं सांगून ठेवतो, म्हणजे ते नीट कान देतील. यावर तो असा भडकला की टपरीवाल्यानं वळून पाहिलं. सांगायचं नाही. एक अक्षर नाही. दया नको होती त्याला. कामाची गोष्ट आहे, कामासारखी बोलतो, असं काहीसं म्हणाला. त्या संतापात मला माझा जुना दोस्त दिसला आणि मी लगेच कबूल झालो. आता वाटतं, त्याचं न ऐकता सांगायला हवं होतं. पण तेव्हा त्याच्या डोळ्यांत जीव आलेला पाहून मला बाकी काही सुचलं नाही.

पुढचे काही दिवस तो तयारी करत होता. हे मला वहिनींनी सांगितलं. मीटिंग हिंदीत चालते, म्हणून हिंदी वाक्यं. त्या पोळ्या लाटत असल्या की हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून एक वाक्य बोलायचा. त्यांना जे समजलं ते त्या म्हणून दाखवायच्या. चुकलं की हा मान हलवून पुन्हा बोलायचा, शब्द बदलून, ज्या शब्दाला जिभेची गरज कमी तो शब्द शोधून. तवा तापून पोळी करपली तरी सोडायचा नाही. वहिनी हे सांगताना हसत होत्या. पुष्कळ दिवसांनी हसत होत्या.

मीटिंगच्या दिवशी तो बर्डीच्या ऑफिसात आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडाला दुपट्टा नव्हता. जबड्याच्या त्या बाजूचा खड्डा उघडा ठेवून तो सगळ्यांसमोरून चालत आला. मी मागच्या खोलीत लॅपटॉप लावला होता. आवाज यायला नको म्हणून कूलर बंद केला, खिडक्या लावल्या. घामानं दोघं भिजलो. मी त्याला सांगितलं, पडद्याकडे बघू नको, वरच्या त्या बारक्या कॅमेऱ्याकडे बघ, म्हणजे समोरच्याला वाटतं तू त्याच्याकडेच बघतोयस. त्यानं मान डोलावली.

मीटिंग चालवणारी मॅडम तरुण होती, दुसऱ्या शहरातली, बोलायला अतिशय नम्र. मला तिचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. बाकी चौकटींत कंपनीची आणखी माणसं. आधी त्यांचं काहीतरी बराच वेळ चाललं. मग तिनं विचारलं, नागपूरकडून काही अडचण? मी म्हटलं, हमारे गोडाउन के साथी बोलेंगे. आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

त्यानं गळा साफ केला आणि पहिलं वाक्य बोलला. मॅडम कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मग म्हणाली, "सर, आपकी आवाज़ कट रही है।"

तो पुन्हा बोलला. सावकाश, शब्द सुटे करून. दुसऱ्या चौकटीतला एक जण म्हणाला, "नागपुर से बहुत नॉइज़ आ रहा है।" मॅडम म्हणाली एक मिनट, आणि आमच्या चौकटीच्या कोपऱ्यात माइकवर लाल रेघ आली. तिनं आमचा आवाज बंद केला होता.

त्याला ते दिसलं नाही. तो मी सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्याकडे बघत होता. त्याला वाटलं 'एक मिनट' बाकीच्यांना म्हटलंय, त्याला बोलायला मिनिट दिलंय. त्यानं तिसरं वाक्य सुरू केलं.

माझा हात बटणाकडे गेला. दाबलं. काही झालं नाही, त्यांच्याकडून कुलूप होतं. मी तोंड उघडलं, की सांगावं, थांब बे, ऐकून नाही राहिले ते. आणि त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवून, मान ताठ करून, हनुवटीवर ओघळणारी लाळ न पुसता तो बोलत होता. ऑपरेशननंतर चारचौघांत तो पहिल्यांदा एवढं बोलत होता. माझं तोंड उघडंच राहिलं.

बंद खोलीत मला त्याचं जवळजवळ सगळं समजलं. कदाचित वहिनींनी शब्द घासून दिले होते म्हणून, कदाचित मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो म्हणून. तो म्हणाला, "मैं पहले बहुत बोलता था। बीमारी में बोलना गया। फिर एक जगह मिली, जहाँ मैं बोल सकता था। वो आप लोगों ने बंद कर दी। मालूम नहीं होगा आपको, इसलिए कर दी होगी। वापस चालू कर दीजिए। मैं किसी को तकलीफ़ नहीं दूँगा।"

पडद्यावर सगळ्यांचेच माइक बंद. मॅडम खाली मान घालून काहीतरी टाइप करत होती. एक जण चहा पीत होता, एक जण हातावर हनुवटी टेकून बसला होता. ऐकणारी माणसं मीटिंगमध्ये अशीच दिसतात.

मग मॅडमनं मान वर केली, वेळ पाहिली आणि म्हणाली, "थैंक यू एवरीवन। थैंक यू नागपुर, आपका इशू टिकट में डाल दीजिए।" चौकटी एकेक करून विझल्या.

तो खुर्चीत मागे रेलला. शर्ट पाठीला चिकटला होता. खिशातून रुमाल काढून त्यानं हनुवटी पुसली, आणि माझ्याकडे वळून विचारलं. यावेळी मला पहिल्या झटक्यात समजलं.

"आयकलं ना त्याईनं?"

मी म्हटलं, "आयकलं."

खाली उतरून आम्ही तर्री-पोह्यांच्या गाडीवर गेलो. त्याला तिखट चालत नाही, तो शेजारून ताक आणून घोट घोट घेत उभा राहिला आणि मला खायला लावलं. पूर्ण वेळ तो मोठमोठ्यानं बोलत होता. ती मॅडम कशी लिहून घेत होती, तो दुसरा कसा विचारात पडला होता. येणारे-जाणारे वळून बघत होते, त्याला फिकीर नव्हती.  मी फक्त मान डोलावत राहिलो. जाताना म्हणाला, नोकरीचं मागाहून पाहू, पहिले त्याईचा जवाब येऊ दे.

मी पुन्हा तिकीट टाकलं, यावेळी ऑपरेशनचं सगळं लिहून, त्याला न सांगता. उत्तर आलं, की हा विषय आधीच बंद झालेला आहे. फोन केला तर म्हणाले, तिकिटावर लिहा. मालकांकडे गेलो तर मालक हळहळले आणि म्हणाले, बिचारा. त्यांच्या दृष्टीनं तिथे विषय संपला.

तो मात्र नोकरी सोडत नाही. वहिनी म्हणतात, घरी बोलतात आता, उत्तर आलं की काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय त्यांनी. भाऊजी, तुमच्यामुळे झालं हो, असंही म्हणतात. 

सोमवार आला की त्याचा मेसेज येतो : 'जवाब आला का?' मी लिहितो, नाही येणार. खोडतो. लिहितो, त्यांनी तुझं ऐकलंच नाही बे. तेही खोडतो. टॉकवर त्याला हे सगळं दिसलं असतं आणि त्यानं माझी गचांडी धरली असती. मोबाइलवर काही दिसत नाही, म्हणून मला खोटं बोलता येतं. शेवटी एवढंच पाठवतो, की त्यांचं काम सुरू आहे म्हणतात.

थोड्या वेळानं त्याचं उत्तर येतं.

'घाई नाही म्हणा. सवडीनं करू दे त्याईले.'